पितळी दांड्यावरचं नाव

नागोजीबद्दल मुकुंदरावांना फार थोडं ठाऊक होतं. जुन्या हुबळीतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानासमोर तो कित्येक वर्षं पाणी सोडायला येत होता, कट्ट्यावर टेकून बिडी ओढत होता, पण त्याला मुलं किती, आई आहे का, राहतो नेमका कुठं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचा संकोच वाटे. आणि असलं काही सुरुवातीला विचारायचं राहून गेलं की पुढं ते जास्तच अवघड होऊन बसतं. त्याचं आडनाव त्यांना पोलीस चौकीत कळलं, तेही आता नीट आठवत नाही. तेव्हा पुढं जे आहे ते दुकानाच्या गादीवरून दिसलं तेवढंच. आणि मुकुंदराव गादीवरून फारसे उठणाऱ्यांतले नव्हते.

नागोजी पाण्याच्या कचेरीतला रोजंदारीचा माणूस. काळा, काटक, खाकी अर्धी विजार आणि डोक्याला पंचा. खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, तिला वर आडवी मूठ. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यातच एक खड्डा होता, त्यावर बिडाचं झाकण, आत व्हॉल्व्ह. नागोजी झाकण बाजूला सारी, चावी आतल्या पितळी दांड्याच्या डोक्यावर बसवी आणि घाण्याच्या बैलासारखा तिच्याभोवती फिरू लागे. दांडा आट्यांवरून वर चढे, त्याच्याबरोबर आतला पडदा उचलला जाई आणि गल्लीतल्या नळांतून आधी नुसता वारा सुटे, मग गढूळ धार, मग पाणी. “नीर बंतु!” अशी कुणीतरी हाक देई. कानडी घर असो की मराठी, पाणी आल्याची हाक हीच. मुकुंदरावांचे आजोबा मिरजेहून आले, त्यांच्या घरात तिन्ही पिढ्या मराठी बोलत, पण पाणी मात्र कानडीतच येई.

बायका घागरी घेऊन धावत. नागोजी चावीवर रेलून म्हणे, “हळू अक्का, हळू. पाणी पळून जात नाही, जाताना मला विचारून जातं.”

पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येई, आणि येई-जाई ते त्याच्याच चावीनं, म्हणून त्याचा तो शब्द खरा होता. मुकुंदरावांना तो सावकार म्हणे. हुबळीत दुकानदाराला सगळेच सावकार म्हणतात, मग त्याचं दुकान पानपट्टीएवढं का असेना.

ऐंशी साल उलटलं आणि चोऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाची पितळी तोटी गेली. लोकांनी तिथं लाकडाचं बूच ठोकलं. ते कुजलं तसं सोडलेलं पाणी निम्मं गटारात जाऊ लागलं. मग बिडाची झाकणं नाहीशी व्हायला लागली. एका उघड्या खड्ड्यात टांग्याच्या घोड्याचा पाय गेला. जनावर दिवसभर तिथंच विव्हळत होतं, आणि गल्लीतल्या पोरांना दार लावून घरात कोंडावं लागलं. त्यानंतर नागोजीनं प्रत्येक खड्ड्यावर शहाबादी फरशी ओढून ठेवली. रोज कुठली तरी फरशी सारायची आणि पुन्हा लावायची. त्याच्या बोटांची नखं काळी पडली होती.

मुकुंदरावांकडे मोड येई. जुनं, फुटकं पितळ-तांबं लोक आणून घालत आणि त्यावर नवं भांडं नेत. कधी कुणी अनोळखी माणूस ठोकून सपाट केलेली तोटी घेऊन येई. मुकुंदराव “भाव जमणार नाही” म्हणत आणि दुसरीकडे बघत. चोर म्हणायची छाती त्यांना कधी झाली नाही. तो माणूस पुढच्या दुकानी जाई.

मग त्र्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाण्याच्या दिवशी सकाळी, नागोजीनं फरशी सारली, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि तो तसाच रस्त्यात बसला.

“सावकार, दांडा गेला.”

“गेला म्हणजे?”

“काढून नेला. नळ कोरडा असतो तेव्हा खोलायला सोपा. आणि आपला नळ कधी ओला असतो? पडदा खाली पडलाय. आता इंद्र आला तरी पाणी या गल्लीत शिरायचं नाही.”

घागरी घेऊन आलेल्या बायका जमल्या. फुलं विकणारी सोनाबाई सगळ्यांत पुढं. “काय रे नागोजी, तुला एक दांडा राखता येईना, मग बायको कशी राखतोस?”

“बायकोला मोडीत भाव नाही अक्का, म्हणून राहिलीय.”

हसू झालं. पण दुपारी ओव्हरसियर वादिराज सायकलवरून आले तेव्हा कुणी हसलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. कपाळावरचा घाम पुसत ते नागोजीला म्हणाले, “गुदामात दांडा नाही. मागणी वर धाडतो, कधी येईल ते सांगता येत नाही. पण ऐक. तुझ्या भागातून आता आणखी एक वस्तू गेली तर मला तुला ठेवता येणार नाही. वरचे साहेब मला एकच विचारतात, चावी कुणाकडं असते?”

“माझ्याकडं असते, साहेब.”

“तेच म्हणतो मी.”

त्या दिवसापासून नागोजीचं हसणं तोंडापुरतंच राहिलं. रोजंदारीचा माणूस, मस्टरवर नाव असलं तर माणूस, नाहीतर कुणी नाही. पाण्याचा दिवस येई आणि शेजारच्या गल्ल्यांतून “नीर बंतु” ऐकू येई. इथल्या बायका घागरी घेऊन तिकडं पळत आणि तिथल्या बायका त्यांना नळाला हात लावू देत नसत. भांडणं झाली, एकीची घागर दुसरीच्या कपाळाला लागली. कधी टँकर येई तो तोंडाशीच रिता होई. मुकुंदरावांच्या पत्नी कुसुमताई लांबच्या विहिरीवरून पाणी आणताना घसरल्या, खांदा निखळला. गल्लीतल्या दोन घरांत पोरांना जुलाब लागले, त्यांतलं एक तान्हं गेलं. विहिरीचं पाणी कुणी उकळून घेत नव्हतं. उकळायचं सरपण कुठून आणायचं?

आणि जो तो नागोजीला विचारी. तो काम नसतानाही रोज येई, रिकाम्या खड्ड्यापाशी चावी टेकून उभा राही. तान्हं गेलं त्या दिवशीही उभा होता. त्या पोराच्या बापानं जाता जाता त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि प्रथमच कट्ट्यावर न बसता आत गादीपाशी आला.

“सावकार, दांडा ओतता येतो का?”

“ओतता सगळंच येतं. पितळ लागेल.”

“पितळ मिळालं तर?”

मुकुंदरावांनी मागच्या गल्लीतल्या बाबू ओताऱ्याला बोलावलं. बाबू देवळांच्या घंटा आणि समया ओते. शेजारच्या गल्लीतला व्हॉल्व्ह उघडून नागोजीनं त्याला माप दाखवलं. बाबूनं तोंडातला तंबाखू थुंकला. “होईल. आटे मात्र लेथवर पाडायला लागतील. तारिहाळच्या कारखान्यात माझा मेहुणा आहे, जेवणाच्या सुट्टीत पाडून देईल.”

मग घरोघरचं पितळ आलं. कुसुमताईंनी मोडकी समई काढली. सोनाबाईनं फुलांवर पाणी शिंपायची चेपलेली लोटी आणून आपटली. देवळातले बाळाचार्य देवपूजेची पळी घेऊन आले. “पळी गेली तरी संध्या होते,” म्हणाले, “पण पाण्यावाचून कसली संध्या?” ज्या घरातलं तान्हं गेलं त्या घरानंही वाटी दिली, तीच, पोराची. सर्वांत शेवटी नागोजीची बायको तानूबाई आली. मुकुंदरावांनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिनं पदराखालून एक तांब्या काढला, माहेरचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. मोडीत द्यायच्या भांड्याला कुणी असं घासत नाही.

“हा राहू दे,” मुकुंदराव म्हणाले.

“नको सावकार. त्यांची नोकरी राहू दे.”

दांडा झाला. जड, पिवळाधमक, डोकं चौकोनी. बाबूनं तो दुकानात आणून ठेवला तेव्हा सगळे बघायला आले. आणि इथं मुकुंदरावांच्या हातून ती गोष्ट झाली, जी भांड्यांच्या दुकानातल्या माणसाखेरीज कुणाच्या हातून झाली नसती.

त्यांच्या दुकानातून नाव घातल्याशिवाय भांडं बाहेर जात नसे. लग्नाचं असो, बारशाचं असो, छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. लग्नकार्यात गल्लीभरची भांडी एका पंगतीला जातात. बिननावाचं भांडं तिथं हरवतं, नावाचं भांडं फिरून घरी येतं, असं आजोबा सांगत. मुकुंदरावांनी दांडा हातात घेतला आणि त्यांचा दुसरा हात आपसूक छिन्नीकडं गेला.

“घालाच नाव,” कुसुमताई म्हणाल्या. “चोरानं नेला तरी मोडवाला ओळखेल, परत येईल.”

“कुणाचं घालू?”

“देवाचं घाला,” बाळाचार्य म्हणाले. “देवाच्या वस्तूला कुणी हात लावत नाही.”

“आचार्य, मागल्या साली घंटाच नेली की तुमच्या देवाची,” सोनाबाई म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी गल्ली हसली.

गल्लीचं नाव त्या चौकोनी डोक्यावर मावत नव्हतं. मग कुसुमताईच म्हणाल्या, “नागोजीचं घाला. पाणी तोच सोडतो.”

नागोजी ओशाळला. “माझं कशाला? माझं नाव अजून कुठल्या भांड्यावर नाही.”

पण तो नको म्हणाला नाही. मुकुंदरावांनी नाव कानडीत घातलं, कुणाच्याही हाती लागलं तरी वाचता यावं म्हणून. नागोजीनं त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, मग दांडा पंच्यात गुंडाळून तो खड्ड्याकडं गेला. त्या दिवशी पाणी आलं. “नीर बंतु” ही हाक त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः नागोजीनं दिली, आणि ती देताना त्याचा आवाज फाटला.

कचेरीत कुणी काही कळवलं नाही. वादिराजांना सांगावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. पाणी येत होतं, मग तक्रार कसली? कचेरीनंही विचारलं नाही.

जेमतेम महिना गेला असेल, दांडा पुन्हा नाहीसा झाला.

यावेळी नागोजी रस्त्यात बसला नाही. तो फरशी लावून सरळ निघून गेला आणि मोडवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घालू लागला. माझं नाव असलेलं पितळ कुठं आलंय का, असं दारोदार विचारत फिरला. हे पुढं त्याच्याच अंगावर आलं. कारण दोन-चार दिवसांनी पोलिसांनी एका मोडवाल्याच्या वखारीवर धाड घातली. तिथं तोट्या, तारा, झाकणांचे तुकडे सापडले आणि त्यात एक नवाकोरा दांडा, डोक्यावर नाव. मोडवाला म्हणाला, मला काय माहीत? मालावर नाव आहे, त्याला विचारा. आणि तो माणूस परवा येऊन आपल्या नावाचा माल आहे का म्हणून विचारूनही गेला. आजोबांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. नावाचं भांडं फिरून घरी आलं, फक्त हवालदाराच्या हातातून आलं.

नागोजीला दुकानासमोरूनच नेलं. तो हवालदाराला पुन्हा पुन्हा सांगत होता, “नाव सावकारांनी घातलंय, विचारा त्यांना.” मुकुंदराव उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं, पण जीप निघाली होती.

ते चौकीत गेले. आयुष्यात प्रथमच गेले. जाताना वाटेत त्यांनी सगळं मनाशी जुळवलं होतं, पण फौजदारासमोर त्यांची जीभ अडखळली. फौजदारानं दांडा टेबलावर फिरवून पाहिला.

“काय री सावकार, सरकारी नळावर तुम्ही नावं घालता? उद्या विजेच्या खांबावर घालाल.”

“तो सरकारी नव्हे. गल्लीनं भांडी दिली, ती आटवून...”

“भांडी कुठं आहेत?”

“आटवली.”

“मग ती भांडी चोरीची नव्हती हे कशावरून?”

वितळलेल्या पितळाला ओळख उरत नाही, हे मुकुंदरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? ते बाबू ओताऱ्याकडं धावले. बाबू भट्टीपाशी बसला होता, त्यानं मान वर केली नाही. “मी घंटा ओततो, सावकार. दांडा मी पाहिला नाही. माझ्या मेहुण्याची तारिहाळची नोकरी जाईल, ती तुम्ही देणार?” गल्लीत फिरले. बाळाचार्य काठी टेकत आले, कुसुमताई गळ्यात हात बांधून आल्या, सोनाबाई आली. बाकीची दारं उघडलीच नाहीत. एक बाई खिडकीतून म्हणाली, “भांडं आम्ही दिलं हे खरं. पुढं त्याचं काय झालं ते कुणी बघितलंय? नाव तर त्याचंच निघालं.”

चौघांचं म्हणणं ऐकून पोलिसांनी नागोजीला सोडलं. पण दांडा ठेवून घेतला, मुद्देमाल म्हणून. मुकुंदरावांनी तो हात जोडून मागितला. गल्ली कोरडी आहे, तेवढा द्या, निकाल लागेल तेव्हा काढून आणून देतो. फौजदाराला हसू आवरेना.

मग ते वादिराजांच्या कचेरीत बाकावर बसून राहिले. आत बोलावलं तेव्हा म्हणाले, “साहेब, त्याला कामावर घ्या. चूक झाली असेल तर माझी.”

वादिराजांनी चष्मा काढला. “मुकुंदराव, तुम्हीच सांगा, मी काय लिहू? तो दांडा कचेरीचा असेल तर त्यानं चोरला. कचेरीचा नसेल तर सरकारी व्हॉल्व्हमध्ये परवानगीवाचून खाजगी वस्तू बसवली. यांतलं काहीही लिहिलं तरी तो जातो.”

“काहीच लिहू नका.”

“न लिहिलं तर मी जातो.”

जूनमध्ये लोखंडी दांडा आला आणि त्याच्याबरोबर नवा माणूस. पाणी आलं. नवा माणूस चावी फिरवताना कुणाशी बोलत नसे. गल्लीला पाणी मिळालं आणि गल्ली गप्प झाली.

नागोजी काम शोधत हिंडत होता. तारिहाळच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहिला, रायापूरला विटांच्या भट्टीवर गेला. नाव सांगितलं की पुढचा विचारी, “तूच का तो दांडेवाला?” मुकुंदराव एकदा धीर करून म्हणाले, “दुकानात ये. भांडी लावायला माणूस हवाच आहे.”

“तुमच्याकडं मोड येते, सावकार,” नागोजी म्हणाला. “मी तिथं बसलो की रोज एक पोलीस बसेल. मग तुमचंही नाव कुठं तरी निघेल.”

पुढं पुढं तो दिवसभर काही खात नसे असं सोनाबाईनं सांगितलं. तानूबाईला विहिरीवर बायका नावानं हाका मारत, दांडेवाली म्हणून. तिच्या घरात पाणी प्यायला आता तांब्या नव्हता. कुसुमताईंनी एक पाठवला, तो तिनं नाव न बघता परत केला.

श्रावणाच्या आधी, भर दुपारी नागोजी दुकानासमोर येऊन उभा राहिला. समोरच्या भिंतीच्या सावलीत तानूबाई बोचकं घेऊन उभी होती. अळणावरकडं तिचा भाऊ जंगलात लाकडं ओढायचं काम करी, तिकडं निघाले होते. हे तानूबाईनं सोनाबाईला सांगितलं होतं आणि सोनाबाईनं मुकुंदरावांना. पाणी सोडणारा तो माणूस ओंडके ओढायला चालला होता, आणि तेही त्याला झेपेल का हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तो मुकुंदरावांना दिसला नाही. अळणावरची माणसं लग्नाची भांडी घ्यायला येतात. मुकुंदराव विचारायला म्हणून तोंड उघडतात आणि हंड्याचा भाव सांगतात.

त्या दुपारी त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. चौकीत, कचेरीत जे नीट मांडता आलं नव्हतं ते निदान त्याच्यापुढं मांडावं, त्यानं शिव्या दिल्या तर त्या घ्याव्या, असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं. नागोजी कट्ट्याला हात टेकून उभा होता. त्याची मनगटं फार बारीक दिसत होती.

“जेवलास का?” मुकुंदराव म्हणाले.

“झालं, सावकार. तुमचं?”

“व्हायचंय अजून.”

“जेवून घ्या मग. ऊन आत आलंय, तट्ट्या ओढून घ्या.”

“घेतो.”